टोपीवरचा बिल्ला आधी पाहा
सोलापूरकडच्या घरात दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाचा फोटो असेल, तर चेहऱ्याआधी टोपीवरचा बिल्ला भिंगातून पाहा. उदाहरणार्थ, महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१मध्ये बेळगावला उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. १९४६मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा त्यावर तिरप्या जोडलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. स्तंभाच्या जागी कट्यार आली ती नंतर. म्हणून नुसता स्तंभ दिसला, तर फोटो बहुधा युद्धकाळातलाच. बाहीवर दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. पदकांच्या फितींचे रंग मात्र फसवतात, कारण जुन्या अनेक फिल्मवर लाल रंग काळपट उमटे. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का शोधा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटोतल्या माणसाचं नाव, गाव आजच विचारून ठेवा.