दोन लालबाग आणि गिरणीतलं घर

बऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्यापासून विणकरांच्या मोहल्ल्यांकडे चालत निघालं, की आधी आवाज येतो आणि मग घर दिसतं. खटाखट, खटाखट. पुढच्या खोलीत दोन-चार पावरलूम, मागे स्वयंपाकघर, लाकडी जिन्याने चढून जायचा माळा. माळ्यावर सुताची पोती, कांड्यांच्या टोपल्या आणि रात्री त्यांच्याच शेजारी अंथरूण. अशा एका घरात मी बसलो होतो. घड्याळाच्या काचेवर, पंख्याच्या पात्यांवर, पाळण्याच्या दोरीवरसुद्धा कापसाची पांढरी लव चढलेली. वीज गेली, लूम थांबले आणि पाळण्यातलं मूल दचकून जागं झालं. त्याला सवय आवाजाची होती, शांततेची नव्हती.

काम आणि संसार एका छताखाली ठेवणाऱ्या या घराला बाहेरच्या जगात आज मोठी किंमत आहे. जुन्या गिरण्या, गोदामं, कारखाने यांच्या इमारती आतून बदलून राहण्यासाठी विकतात. त्या घरांना ‘लॉफ्ट’ म्हणतात. उंच छत, उघड्या विटा, बिडाचे खांब, भिंतीएवढ्या खिडक्या. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आमच्याकडची मुलं अशा जाहिराती पाठवतात आणि विचारतात, घ्यावं का? माझं उत्तर ठरलेलं आहे. गिरणी मिळत असेल तर जरूर घ्या, नुसतं गिरणीचं नाव मिळत असेल तर त्याचे जादा पैसे मोजू नका.

लॉफ्टची सुरुवात हौसेतून झालेली नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या, बिडाच्या दर्शनी भागाच्या इमारती होत्या. त्यांत कापडाची गोदामं होती, कारखाने होते. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदे हलले, मजले ओस पडले, आणि मोठ्या चित्रांसाठी जागा हवी पण खिशात पैसा नाही असे चित्रकार तिथे राहू लागले. ते राहणं बेकायदा होतं. १९६०च्या दशकात काहींना सवलत मिळाली, तेव्हा दाराशी ‘ए.आय.आर.’ अशी पाटी आणि मजल्याचा आकडा लावावा लागे. अर्थ असा, की इथे कलावंत राहतो. कारखान्याला आग लागली तर वर माणूस झोपलेला आहे हे बंबवाल्यांना कळावं, एवढाच तिचा हेतू. १९७१मध्ये सोहोत कलावंतांचं राहणं कायदेशीर झालं. १९७३मध्ये तो भाग वारसा म्हणून जाहीर झाला. १९८२मध्ये राज्याने लॉफ्टमधल्या भाडेकरूंसाठी वेगळा कायदा केला.

त्याच १९८२च्या १८ जानेवारीला मुंबईच्या लालबाग-परळमध्ये, म्हणजे गिरणगावात, गिरण्यांचे भोंगे थांबले. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बहुतेक गिरण्या त्यानंतर पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत.

गिरणगावातल्या माणसाला लॉफ्ट हा शब्द तेव्हाही ठाऊक होता, पण वेगळ्या अर्थाने. दहा बाय बाराच्या खोलीत छताखाली फळ्या टाकून केलेला तो पोटमाळा. गावाहून आलेला भाचा, दीर, मेहुणा तिथे झोपायचा. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक उठून साचेखात्यात जायचा आणि दुसरा येऊन त्याच्याच वळकटीवर आडवा व्हायचा. न्यूयॉर्कच्या लॉफ्टमध्ये माणसाला मोकळी जागा मिळाली. गिरणगावात जागा नव्हती म्हणून माणूस पोटमाळ्यावर चढला.

मग मुंबईच्या गिरण्यांची घरं का झाली नाहीत? घरं झाली, गिरण्या राहिल्या नाहीत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने पुनर्विकासात जमिनीचे तीन ढोबळ वाटे ठरवले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. इमारत पाडून रिकामी होणारी जमीन वाटणीतून सुटली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. गिरणीची शेड बैठी असते आणि पसरून असते. तिच्या जागी मनोरा उभारला की समुद्र दिसतो आणि समुद्राचे पैसे मिळतात. २००५मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली, आणि २०१२मध्ये तीच सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. या हिशेबापुढे बिडाचे खांब टिकणं कठीण होतं.

काही शेड वाचल्या, पण त्यांत दुकानं, कचेऱ्या, उपाहारगृहं आली. फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण दगावले. एका कामासाठी बांधलेली जागा दुसऱ्या कामाला लावताना माणसं बाहेर कुठून पडणार, हे आधी ठरवावं लागतं. सोहोतल्या त्या पाटीचं महत्त्व मला तिथे कळतं. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवरच्या, गिरणी कामगारांसाठीच्या घरांची पहिली सोडत २०१२मध्ये निघाली. घर होतं २२५ चौरस फुटांचं. त्या घरांनाही कुणीतरी पोटमाळा करून घेतलाच असेल.

आमच्या बाजूलाही तेच झालं. जळगावची खानदेश मिल गेली आणि तिथे खानदेश सेंट्रल आलं. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागी मॉल आणि निवासी संकुल आलं. नाव तेवढं राहिलं. ‘एम्प्रेस’ हे राणी व्हिक्टोरियाला मिळालेल्या किताबावरून घेतलेलं नाव आज तिथल्या घरांच्या पत्त्यात आहे, पण ज्या भिंतीत सूत निघालं ती भिंत घर घेणाऱ्याला मिळालेली नाही.

लालबाग बऱ्हाणपुरातही आहे. रेल्वे स्टेशनचा भाग तो. तिथे १९०६ साली ताप्ती मिल सुरू झाली. या गावाला कापड नवं नव्हतं. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथून गेला तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं त्याने नोंदवलं. १९७४मध्ये मिलचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. मार्च २०२०च्या टाळेबंदीत काम थांबलं. ही जमीन सरकारी महामंडळाची आहे, हे वाचकांनी पक्कं ध्यानात ठेवावं. ताप्ती मिलमध्ये घर देतो म्हणून कुणी टोकन मागितलं, तर एक रुपया देऊ नका.

पण खासगी जिनिंग, गोदामं, बंद पडलेले कारखाने आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि उद्या त्यांची घरं होतील. तेव्हा पहिला कागद जमिनीचा. ती मालकीची की भाडेपट्ट्याची? पट्टा किती वर्षं उरला? विकास योजनेत ती औद्योगिक आहे की निवासी? मध्य प्रदेशात डायव्हर्शन, म्हणजे जमिनीच्या वापरातला बदल, झालं का, महाराष्ट्रात बिगरशेती आदेश कशासाठी आहे? भोगवटा प्रमाणपत्रात ‘निवासी’ लिहिलेलं नसेल, तर तुम्ही कारखान्यात राहायला जाताय.

दुसरी गोष्ट रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याची. जुनी इमारत म्हणजे पुनर्विक्री, तिला रेरा लागत नाही, असं दलाल सांगतात. ते चूक आहे. २०१६च्या कायद्यात प्रकल्पाची जी व्याख्या आहे, तिच्यात उभी असलेली इमारत किंवा तिचा भाग सदनिकांमध्ये बदलणं स्पष्ट शब्दांत आलेलं आहे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान गोदामाची घरं नेमकी या मापात बसतात. तिथे वकिलाची फी वाचवू नये. नोंदणी असलेल्या प्रकल्पात बांधकामाचा दोष ताब्यापासून पाच वर्षांत निघाला, तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. शंभर वर्षांच्या भिंतीला ही तरतूद किती मोलाची आहे, ते सांगायला नको. मधला माळा मंजूर नकाशात आहे का, तेही पाहा. नसेल तर त्याच्या चौरस फुटांचे पैसे देऊ नका.

संयुक्त मालकी हा मोठा मुद्दा आहे. महाराष्ट्रात १९७०चा अपार्टमेंट कायदा आहे, मध्य प्रदेशात २०००चा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम. छप्पर, खांब, चिमणी, अंगण यांत तुमचा वाटा किती, ते घोषणापत्रात लिहिलेलं असतं. गिरणीचं छप्पर एकसंध असतं. गळलं तर एका घराचं गळत नाही. दुरुस्ती निधी आजच वेगळा ठेवलेला आहे का, हे विचारणं म्हणूनच फरशीचा रंग बघण्याआधीचं काम.

आता इमारत. विणकामाच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं, आणि दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे. दिवसभर सावलीचा सारखा उजेड मिळावा, धाग्यातली चूक दिसावी, यासाठी ती रचना. ती विलायतेहून आली. बऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो उन्हाळाभर उत्तरेकडूनच येतो. त्या काचेतून ऊन सरळ आत उतरतं. उंच छताखाली खाली गार वाटतं हे खरं, कारण गरम हवा वर जाते. पण बिल्डरने झोपायची खोली काढलेली असते वरच्या माळ्यावर.

बिडाचा खांब दाब उत्तम पेलतो, पण ठिसूळ असतो. आगीत तापलेल्या बिडावर पाणी पडलं तर तो तडकू शकतो. लोखंडी तुळयांवर विटांच्या लहान कमानी रचलेलं छत असेल, तर तुळईची खालची पट्टी हाताने चाचपून पाहा. गंजाचे पापुद्रे निघाले तर अभियंता आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचना तपासणी सक्तीची आहे. तुमच्या गावी नसली तरी तुम्ही करून घ्या. पत्रे अॅस्बेस्टॉसचे आहेत का, रंगखातं कुठे होतं आणि त्या मातीवर आता मुलांची बाग आहे का, हेही विचारा.

हे सगळं नीट असेल तर असं घर घ्यावं, असं मी मनापासून म्हणतो. अमेरिकेतल्या लोवेल गावाने ‘बूट’ नावाच्या जुन्या कापडगिरणीचं हे करून दाखवलं. एका भागात संग्रहालय, त्यात चालते माग, आणि त्याच आवारात राहती घरं. तिथे राहणाऱ्याला आपण कुठे राहतो ते माहीत असतं.

बऱ्हाणपूरच्या वाचकांना एक विनंती. ताप्ती मिलमध्ये काम केलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा, वहीत मिलचा नकाशा काढून घ्या. कुठलं खातं कुठे होतं, भोंगा कुठे होता, पाणी कुठून यायचं, कोणत्या दारातून कोणती पाळी आत जायची. मिलचं पुढे काहीही होवो, तो नकाशा आजच काढावा लागेल.