विश्लेषण : गाडी दीड लाख किलोमीटर धावली, इंजिनचे काम कधी निघेल, हे आधी कसे ओळखायचे?

गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्यांपैकी एखादी तरी आंबा किंवा फोंडा घाटात बॉनेट उघडून, वाफा सोडत उभी दिसते. मुलेबाळे रस्त्याकडेला आणि मालक फोनवर मेकॅनिक शोधतोय. ‘काल तर व्यवस्थित चालत होती,’ असे तो सांगतो. पण इंजिन सहसा एका दिवसात बसत नाही. त्याआधी बरेच दिवस ते सूचना देत असते. त्या सूचना ओळखायच्या कशा?

किती किलोमीटरनंतर इंजिन थकते?

असा एक आकडा नाही. शहरात ताशी सरासरी २० किलोमीटरने ८० हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचे इंजिन ४ हजार तास चाललेले असते. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीचे मात्र अडीच हजार तासच. शिवाय थंड इंजिन सुरू करताना झीज जास्त होते, कारण रात्रभरात बरेचसे ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. रोज पाच-दहा मिनिटांच्याच फेऱ्या असतील, तर ऑइल पुरेसे तापत नाही, त्यातला ओलावा उडत नाही आणि ते लवकर खराब होते. म्हणून मीटरवरच्या आकड्याइतकेच गाडी कशी वापरली, हेही महत्त्वाचे.

पहिली सूचना कुठे मिळते?

ऑइलच्या पट्टीवर. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबून पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर तशीच पुन्हा मोजा. मधे पातळी खालच्या खुणेजवळ आली, तर लगेच ऑइल घाला आणि किती घातले तेही लिहा. जुने इंजिन थोडे ऑइल खातेच. पण दोनशे मिलिलिटर लागणाऱ्या गाडीला काही महिन्यांत सहाशे लागू लागले, तर रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा गळती तपासायची वेळ आली आहे. कूलंटचेही तसेच. ते वारंवार घालावे लागत असेल, तर कुठेतरी गळते आहे किंवा इंजिनच्या आत जळते आहे.

धुराचा रंग काय सांगतो?

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सकाळी स्टार्ट करताना क्षणभरच दिसला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. जोर दिल्यावर सतत दिसला, तर रिंगवर किंवा टर्बोवर. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावी. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तेव्हा आधी एअर फिल्टर आणि इंजेक्टर पाहावेत.

सूचना न देता काय तुटते?

टायमिंग बेल्ट. तो तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि बेल्टच्या खर्चाऐवजी हेडचे काम निघते. मॅन्युअलमध्ये दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा तो बदलावा. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल, तर तोही सोबतच बदलला की मजुरी एकदाच लागते. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात स्टार्ट करताना खडखड ऐकू येऊ लागली, तर दुर्लक्ष करू नये. कूलंटचे रबरी पाइप फुगले किंवा भेगाळले असतील, तर घाटात जाण्याआधी बदलावेत.

मेकॅनिक म्हणाला ‘इंजिन उतरवावे लागेल’, तर?

आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून मागा. सगळे आकडे जवळपास सारखे आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील, तर दुखणे कदाचित दुसरीकडे, कमी खर्चाच्या भागात असेल. एखादाच सिलिंडर बराच कमी दाखवत असेल, तर पेट्रोल इंजिनात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष बहुधा रिंगचा. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. खर्च मोठा असेल, तर दुसऱ्या गॅरेजचे मत घ्यावेच.

खर्च करायचा की गाडी विकायची?

खर्चाची तुलना दुरुस्तीनंतर गाडी किती वर्षे वापरता येईल, याच्याशी करावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. चौदाव्या वर्षी, पत्रा गंजलेला असताना इंजिनचे काम काढणे सहसा परवडत नाही. नऊ वर्षांच्या, बॉडी आणि गिअरबॉक्स चांगला असलेल्या गाडीचा हिशेब वेगळा.

आजपासून काय करावे?

डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, घातलेले ऑइल, कूलंट आणि अ‍ॅव्हरेज, एवढेच लिहावे. सहा महिन्यांत गाडीचा कल कळतो आणि मेकॅनिकशी बोलताना हातात आकडे असतात. मात्र ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला, तर नोंदीची वाट पाहू नये. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.