परदेशी कोर्टाचा कागद आला, तर



आजच्या गप्पांचा विषय थोडा लांबचा वाटेल. परदेशातला कायदा घरबसल्या कसा शोधायचा, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, आमचा सात-बारा आम्हाला धड वाचता येत नाही आणि या निघाल्या परदेशाचा कायदा शिकवायला! पण आम्ही हा विषय शोधायला गेलो नव्हतो. तोच कुरिअरच्या पाकिटातून आमच्याकडे आला.

काटोल तालुक्यातली आमच्या ओळखीची एक ताई. नाव-गाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलूनही सांगतो. लग्न नागपुरात, हिंदू पद्धतीनं झालं. नवरा ऑस्ट्रेलियात नोकरीला. "व्हिसा झाला की नेतो" म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. ताई आधी सासरी राहिली, मग माहेरी आली. आणि एक दिवस पाकीट आलं. आत इंग्रजी कागद, त्यावर कोर्टाचा शिक्का, सुनावणीची तारीख, आणि दोन कागदांवर सहीसाठी रिकामी जागा. मागोमाग नवऱ्याचा फोन : "काही नाही, नुसती पोच आहे. दोन्हीकडे सही करून फोटो पाठव."

घरात रडारड सुरू झाली. मामा म्हणाले, "झाली फारकत. परदेशाच्या कोर्टापुढं आपलं काय चालणार?"

मामांचा हा प्रश्न आम्ही गटाच्या बैठकीत घेतला. परदेशी कोर्टाचा निकाल आपल्याकडे जसाच्या तसा चालतो का? उत्तर आपल्याच कायद्यात सापडलं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम १३. परदेशी निकाल कधी मानायचा नाही, याची सहा कारणं तिथं दिली आहेत. त्या कोर्टाला अधिकारच नसेल, प्रकरणाच्या गुणदोषांवर निकाल दिला नसेल, भारताचा कायदा लागू असताना तो नाकारला असेल, समोरच्याला म्हणणं मांडायची न्याय्य संधी दिली नसेल, फसवून निकाल घेतला असेल, किंवा भारतातला कायदा मोडणाऱ्या मागणीला मान्यता दिली असेल, तर तो निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं. त्या खटल्यातलं लग्न १९७५ साली तिरुपतीला झालं होतं. नवऱ्यानं अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या कोर्टातून १९८० साली घटस्फोट घेतला आणि पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. बायकोनं ते कोर्ट मान्य केलेलं नव्हतं. आपल्या न्यायालयानं सांगितलं : ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्या कायद्यानं ज्या कोर्टाला अधिकार आहे, त्यानं, आणि त्या कायद्यात असलेल्या कारणावरच लग्न मोडायला हवं. मिसुरीचा निकाल इथं मानला गेला नाही.

पण याच निकालात अपवादही आहेत, आणि ते नीट ऐका. बायको स्वतः त्या देशात कायमची राहत असेल, किंवा तिनं आपखुशीनं त्या कोर्टात जाऊन खटला लढवला असेल, आणि घटस्फोटाचं कारणही आपल्या कायद्यात बसत असेल, तर गोष्ट वेगळी. आणि तिनं घटस्फोटाला संमती दिली असेल, तरीही गोष्ट वेगळी. म्हणजे ताईला "नुसती पोच" म्हणून जी सही मागितली जात होती, ती संमतीची निघाली, तर इथला तिचा सगळा बचाव एका सहीत जाऊ शकत होता.

म्हणून पहिलं काम आम्ही हे केलं : सही थांबवली. दुसरं काम होतं ऑस्ट्रेलियाचा कायदा काय म्हणतो ते बघायचं. घटस्फोट तिथं कोणत्या कारणावर मिळतो हे कळल्याशिवाय ते कारण आपल्या कायद्यात आहे की नाही, हे कसं कळणार?

पूर्वी यासाठी मोठ्या शहरातल्या विधी ग्रंथालयात जावं लागलं असतं. आता तसं राहिलेलं नाही. कायदा जनतेचा आहे, तो वाचायला पैसे पडू नयेत, असं म्हणणारी एक चळवळच जगात उभी राहिली. १९९२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं सुरुवात केली. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन विद्यापीठांनी मिळून तिथले कायदे आणि निकाल फुकट खुले केले. २००२ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात अशा संस्थांनी एकत्र येऊन तसा जाहीरनामाच केला. आपल्याकडे सरकारचं 'इंडिया कोड' आहे, त्यावर केंद्राचे कायदे मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवादही आहेत.

पण नुसते कायदे खुले असून भागत नाही. अनोळखी गावच्या बाजारात उतरल्यावर भाजीची ओळ कुठली आणि कापडाची कुठली, हे कुणीतरी सांगावं लागतं. तसं सांगणारे मार्गदर्शक लेख असतात. अमुक देशात कोर्टं कोणती, कायदे कोण करतं, ते कुठं वाचायला मिळतात, हे त्यात असतं. न्यूयॉर्क विद्यापीठाचं 'ग्लोबालेक्स' २००५ पासून असे लेख देशवार देतं. अमेरिकेच्या संसदेचं ग्रंथालय, 'लायब्ररी ऑफ काँग्रेस', तेही देतं. दोन्ही फुकट.

आम्ही कसं शोधलं ते पायरीपायरीनं सांगतो. कागद-पेन घ्या.

पहिली पायरी. मोबाईलवर इंग्रजीत लिहा : जी, एल, ओ, बी, ए, एल, ई, एक्स. म्हणजे ग्लोबालेक्स. त्यातून देश निवडा. लेख उघडला की आधी तो कधी लिहिला किंवा सुधारला ते बघा. जुना असेल तर वाट दाखवण्यापुरता वापरा, त्यातला नियम पक्का धरू नका.

दुसरी पायरी. आपला विषय त्या देशात केंद्राकडे आहे की राज्याकडे, ते बघा. अमेरिकेत घटस्फोटाचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. ऑस्ट्रेलियात तो देशभर एकच आहे : कुटुंब कायदा, १९७५.

तिसरी पायरी. लेखावर थांबू नका, मूळ कायद्यापर्यंत जा. ऑस्ट्रेलियासाठी लिहा : ए, यू, एस, टी, एल, आय, आय. तिथं आम्हाला कलम ४८ मिळालं. लग्न कायमचं मोडलं आहे, हे एकच कारण, आणि त्याचा पुरावा म्हणजे नवरा-बायको बारा महिने वेगळे राहिलेले असणं. चूक कुणाची, हे ते कोर्ट विचारतच नाही. आपल्या हिंदू विवाह कायद्यात मात्र नुसतं बारा महिने वेगळं राहिल्यावर एकट्या जोडीदाराला घटस्फोट मिळत नाही. इथंच ताईच्या वकिलाला धरायला मुद्दा मिळाला.

चौथी पायरी. त्या कोर्टाचं स्वतःचं संकेतस्थळ बघा. तिथं मुदती कळतात. कागद ऑस्ट्रेलियाबाहेर बजावायचे असतील, तर ते सुनावणीच्या किमान ४२ दिवस आधी मिळायला हवेत. पोटगी आणि मालमत्ता हे विषय घटस्फोटाच्या अर्जात येत नाहीत, त्यांचा अर्ज वेगळा, आणि तो घटस्फोट लागू झाल्यापासून १२ महिन्यांत करायचा. म्हणजे "आपल्याकडे चालत नाही ना, मग टाका पाकीट कपाटात" असं करूनही चालणार नाही. तिथं घटस्फोट होईलच, आणि तिथून काही मागायचं असेल तर मुदत निघून जाईल.

पाचवी पायरी. दोन देशांमधले करार बघा. एका देशाच्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात कसे बजावायचे, याचा १९६५ चा एक हेग करार आहे. भारतात तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. मोबाईलवर एच, सी, सी, एच लिहिलं की हेगच्या संस्थेचं संकेतस्थळ येतं. तिथल्या तक्त्यात भारताच्या नावापुढं भारतानं घातलेल्या अटी दिसतात. त्यातली एक अट अशी, की परदेशी कोर्टाचे कागद थेट टपालानं पाठवायला भारताची हरकत आहे. ते दिल्लीला केंद्रीय कायदा मंत्रालयाकडून यायला हवेत. ताईचं पाकीट तर सरळ कुरिअरनं घरी आलं होतं! एवढ्यानं तिकडचा खटला आपोआप रद्द होत नाही, पण वकिलापुढं ठेवायला हा दुसरा मुद्दा झाला.

भाषांतराबद्दल एक सावधगिरी. इंग्रजी कागदाचा फोटो काढला की मोबाईल त्याचं मराठी करून देतो. पण कोर्टाच्या भाषेत 'सर्व्हिस' म्हणजे कागदांची बजावणी, आणि मोबाईल लिहितो 'सेवा'. 'रिस्पॉन्डंट' म्हणजे जिच्याविरुद्ध अर्ज आहे ती. म्हणून ओझरता अर्थ मोबाईलवरून घ्या, पण सहीचा कागद जाणत्या माणसाकडूनच वाचून घ्या. आम्ही कायदा शिकणाऱ्या एका मुलीला बसवून दोन्ही कागद वाचून घेतले. पहिला खरोखरच पोचेचा होता. दुसऱ्यावर लिहिलं होतं : मला हा घटस्फोट मान्य आहे.

ते ऐकल्यावर ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी सही करूनच टाकणार होते."

मैत्रिणींनो, एवढं शोधून आपण वकील होत नाही. पण वकिलाकडे रिकाम्या हातानं जात नाही. वकिलाचा खर्च कसा करायचा, हीही काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, नागपूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन क्रमांक १५१००. नवरा परदेशात असलेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष २००९ पासून आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदत' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

ताई विधी सेवा समितीत गेली तेव्हा तिच्या पिशवीत पाकीट होतं, पाकिटावरची तारीख दाखवणारं कुरिअरचं आवरण होतं, लग्नाचे फोटो आणि दाखला होता, आणि आम्ही मिळून लिहिलेले चार प्रश्न होते. या कोर्टाला अधिकार आहे का? हे कारण आपल्या कायद्यात बसतं का? उत्तर द्यावं की नुसती हरकत कळवावी, म्हणजे ते कोर्ट मान्य केल्यासारखं होणार नाही? पोटगी इथं मागावी की तिथं? प्रकरण अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण ताई आता तारखा स्वतः लिहून ठेवते.

हीच वाट दुसऱ्या कामालाही चालते. कुणाचा मुलगा आखाती देशात कामाला गेला असेल आणि पगार अडला असेल, तर त्या देशाचा कामगार कायदा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 'नॅटलेक्स' या संग्रहात शोधता येतो. तोही फुकट.

पुढच्या बैठकीत एक करा. गटातल्या कुणाकुणाच्या घरातलं माणूस परदेशात आहे, ते विचारा. एक देश निवडा आणि सगळ्या मिळून त्याचा मार्गदर्शक लेख उघडून बघा. पाकीट यायच्या आधी वाट माहीत असलेली बरी. आणि तोवर एवढं लक्षात ठेवा : न कळलेल्या कागदावर सही करायची नाही, आणि तो कागद फेकायचाही नाही.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.