थंडीतही तळं आटतं

बर्फाळ देशांत घरामागे पोहण्याचा तलाव असला, की हिवाळ्याआधी त्याच्या नळ्या आणि पंप रिकामे करतात, वर आच्छादन ओढतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि कोंडलेली नळी फोडतं. भूम तालुक्यातल्या ईटच्या शिवारात ही भीती नाही. बालाघाटच्या माथ्यावर थंडी बोचते, पण शेततळं गोठत नाही. तिथलं पाणी हवेत उडून जातं आणि थंडीच्या दिवसांत तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

बाष्पीभवनाला कडक ऊनच लागतं असं नाही. हवा कोरडी हवी आणि वारा हवा. दिवाळीनंतर आपल्याकडे दोन्ही असतात. पहाटे तळ्यावर धूर तरंगतो, तो याचाच पुरावा. रात्रीतून हवा झपाट्याने गार होते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असतं. त्या कोमट पाण्याची वाफ वर येते आणि गार हवेत तिचे बारीक थेंब होतात. आपल्याला दिसतात ते हे थेंब.

आता हिशेब पाहू. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं घ्या. बाजूंना एकास एक उतार धरला तर त्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. काठोकाठ भरलेल्या तळ्याची पातळी एक मिलिमीटर उतरली की ९०० लिटर गेले. हिवाळ्यात रोज तीन मिलिमीटर धरले तरी दिवसाला २७०० लिटर होतात. इथे उताराची गोष्ट महत्त्वाची. पाणी दोन मीटर खाली गेलं की पृष्ठभाग २६ बाय २६ मीटरचा उरतो आणि एका मिलिमीटरला ६७६ लिटरच जातात. उन्हाळ्यात पाणी वेगाने उडतं हे खरं, पण तळं सगळ्यात रुंद असतं ते दिवाळीच्या सुमारास. म्हणून आच्छादनाची तयारी मार्चमध्ये सुरू करणं म्हणजे उशीर करणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारा ताणून त्यांवर काळी शेडनेट टाकली की ऊन अडतं, पाण्यालगतचा वाराही मंदावतो. पूर्ण तळं झाकण्याचा खर्च झेपत नसेल तर अर्धं झाका. तेवढ्या भागातलं पाणी तरी वाचेल. सावलीचा दुसरा फायदा म्हणजे शेवाळ कमी धरतं आणि ठिबकचे फिल्टर कमी तुंबतात. लॉस एंजेलिसच्या जलाशयात २०१५ साली ९ कोटी ६० लाख काळे चेंडू सोडले होते. पाण्यातल्या क्लोरीन आणि ब्रोमाइडवर ऊन पडून घातक ब्रोमेट तयार होऊ नये, हा त्यांचा मुख्य हेतू होता. बाष्पीभवनही त्याने घटलं. शेवाळासाठी मोरचूद टाकण्याची घाई मात्र नको. तळ्यात मासे असतील तर ते मरू शकतात.

पातळी फारच भराभर उतरत असेल तर तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटल्याची शंका येते. उंदीर आणि खेकडे बांध पोखरतात, त्याने कागदाला भोक पडतं. पोहण्याच्या तलावासाठी वापरतात तीच बादलीची परीक्षा इथे चालते. तळ्याचंच पाणी भरलेली बादली काठालगत पाण्यात स्थिर टांगा, आतली आणि बाहेरची पातळी खुणेने नोंदवा, मोटर बंद ठेवा. चोवीस तासांनी दोन्ही सारख्याच उतरल्या तर पाणी हवेत गेलं. बाहेरची जास्त उतरली तर ते जमिनीत मुरतंय. मग भोक शोधून कागद जोडून घ्या, नाहीतर शेडनेटचा खर्च वाया जाईल.

आणखी एक काम याच दिवसांत करायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलं शेतावर येतात, तळी भरलेली असतात आणि ओल्या कागदावर पाय टिकत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्या उतारावरून वर चढता येत नाही. चारही बाजूंनी कुंपण घाला आणि प्रत्येक बाजूला गाठी मारलेला जाड दोर पाण्यात तळापर्यंत सोडून वर पक्का बांधा. शेडनेट पुढच्या वर्षी घेता येईल, दोर आजच बांधा.