लॅपटॉपची हमी आणि अपघाताचे संरक्षण

जून-जुलै आला की आमच्या कामगार पतपेढीकडे कर्जाचे अर्ज येऊ लागतात. पूर्वी त्यांत 'वसतिगृहाचे भाडे' किंवा 'वह्यापुस्तके' असे कारण लिहिलेले असे. हल्ली 'मुलीसाठी लॅपटॉप' असे असते. पन्नास हजारांचे यंत्र, वीस हप्ते. व्याज बाजूला ठेवले तरी दरमहा पगारातून अडीच हजार कापले जातात. आता हे यंत्र चौथ्या महिन्यात एस.टी.तल्या वरच्या रॅकवरून खाली आले, तर यंत्र थांबते, हप्ता थांबत नाही. बापाने आणखी सोळा महिने बंद यंत्राचे हप्ते भरावयाचे आणि मुलीने प्रकल्पाचे लिखाण मैत्रिणीच्या यंत्रावर, ती झोपल्यानंतर करावयाचे! वॉरंटी आणि विमा यांचा विचार करावयाचा तो हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून.

दुकानात मात्र या विचाराला पाच मिनिटे मिळतात. बिल करता करता तेथला तरुण म्हणतो, "काका, एवढे भरून टाका, मग सगळे कव्हर होते." मी गेली तीस वर्षे मालक-कामगारांचे करार वाचीत आलो आहे. 'सगळे' हा शब्द मला अद्याप एकाही करारात भेटलेला नाही. तेव्हा त्या तरुणाला प्रेमाने सांगावे, की बाबा रे, कागद दाखव.

प्रथम कंपनीची मूळ वॉरंटी घेऊ. ती बहुधा एक वर्षाची असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. तिचे वचन इतकेच, की वस्तू घडविण्यात काही दोष राहिला असेल तर तो आम्ही फुकट काढून देऊ. मदरबोर्ड आपोआप बंद पडला, कीबोर्डची अक्षरे उठेनाशी झाली, तर ती उपयोगी पडते. चहा सांडला, पडदा तडकला, बिजागरी आपटून मोडली, तर तो दोष कारखान्याचा नव्हे, असे उत्तर मिळते. आणि कागदाप्रमाणे ते उत्तर बरोबरच असते.

दुसरा प्रकार वाढीव वॉरंटीचा. येथे पुष्कळांची फसगत होते. 'तीन वर्षांची वॉरंटी' म्हटल्यावर संरक्षण अधिक व्यापक झाले असे आपल्याला वाटते. वस्तुतः तेच एक वर्षाचे वचन लांबविलेले असते. पहिल्या महिन्यात चहा सांडलेला जसा चालत नव्हता, तसा तिसऱ्या वर्षीही चालत नाही. शिवाय बॅटरी बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षानंतर या वचनातून वगळलेली असते. आणि खरे पाहता बॅटरी हीच वस्तू दोन-तीन वर्षांत हमखास थकते.

तिसरा प्रकार अपघाती नुकसानीच्या संरक्षणाचा. पडणे, आपटणे, पाणी सांडणे, विजेचा दाब एकाएकी वाढणे, हे त्यात येते. पण 'अपघात' म्हणजे काय? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेला अपघात, असे शब्द होते. त्या दोन-चार शब्दांवर किती विधवांचे खटले अडले, याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. लॅपटॉपच्या कागदातही शब्दच निकाल देतात. वर्षातून किती वेळा दुरुस्ती मिळणार, बहुधा एकदाच. प्रत्येक वेळी आपल्या खिशातून काही रक्कम भरावी लागते काय. दुसऱ्या वर्षी यंत्राची किंमत घसारा धरून कमी मानतात काय. आणि अपघातानंतर किती दिवसांत कळवावे लागते, हे चार प्रश्न त्या कागदाला विचारावे. त्यांतला घसाऱ्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'नवी वस्तू किंवा दुरुस्ती' आणि 'घसारा वजा जाता रक्कम' यांत कित्येक हजारांचा फरक पडतो.

आता, हे संरक्षण घ्यावे की न घ्यावे? एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ सोयीसाठी घेतो. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच हजार भरले, म्हणजे पाच लाख जमले. त्यांपैकी वीस जणांची यंत्रे फुटली आणि प्रत्येकी दहा हजार खर्च आला, तर दोन लाख गेले. उरलेले तीन लाख कचेरीचा खर्च, दुकानदाराचे कमिशन आणि नफा यांत वाटले जातात. म्हणजे सरासरीने पाहिले तर विमा घेणारा तोट्यातच असतो. ज्याच्या पासबुकात दहा हजार सहज पडून आहेत, त्याने ते तसेच ठेवावेत आणि विमा घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ज्याचे यंत्र हप्त्यावर आहे, त्याला सरासरी काय कामाची? त्याचे यंत्र फुटले तर ते एकदाच आणि पूर्णपणे फुटते. अशा घराने अपघाताचे संरक्षण अवश्य घ्यावे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर वाढीव वॉरंटी सोडावी आणि हे घ्यावे. कारण रोज लोकलने किंवा एस.टी.ने हिंडणारे, वसतिगृहाच्या खाटेवर उघडे पडणारे यंत्र कारखान्याच्या दोषापेक्षा धक्क्याने मरण्याचा संभव अधिक. मात्र शक्यतो हे संरक्षण यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावे, आणि खरेदीच्या वेळी किंवा तिने ठरविलेल्या मुदतीत घ्यावे. मागाहून ते मिळतेच असे नाही.

मुदत किती, हे अभ्यासक्रमावर ठरवावे. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत शेवटच्या वर्षीचा प्रकल्प सर्वांत जड, आणि नेमके तेव्हाच तीन वर्षांचे छत्र उडालेले असते. चौथ्या वर्षासाठी मुदत वाढवून मिळते काय, ते आधी विचारावे. तसेच दुरुस्ती घरी येऊन करतात की यंत्र केंद्रात न्यावे लागते, हेही पाहावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाला पुणे किंवा नाशिक गाठावे लागले, तर दोन दिवसांचे काम दोन आठवड्यांचे होते. परीक्षेच्या तोंडावर हे दोन आठवडे पैशांहून महाग पडतात.

चोरी मात्र वरील तिन्ही कागदांत बहुधा नसते. तिच्यासाठी वेगळा विमा लागतो, आणि तेथेही शब्द जपावे लागतात. घरफोडीच्या विम्यात बळजोरीने प्रवेश केल्याची खूण लागते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात दिला. त्यात बळाचा वापर न होता झालेली चोरी भरपाईस पात्र ठरली नाही. वसतिगृहाच्या उघड्या खोलीतून यंत्र नेले, तर हाच मुद्दा पुढे येऊ शकतो. म्हणून 'साधी चोरी' कागदात आहे काय, ते विचारावे.

दावा नाकारला, तर तो नकार लेखी मागावा. तोंडी नकारावर भांडण चालत नाही. दुकानदाराने दिलेला कागद विमा आहे की केवळ सेवेचा करार, हे पॉलिसी देणाऱ्या विमा कंपनीच्या नावावरून कळते. विमा असेल, तर प्रथम कंपनीकडे तक्रार करून, महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी पडत नाही. इतर बाबतीत १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय बंगळुरूला असले, तरी आपण तेथे जाण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. बिल आणि यंत्राचा अनुक्रमांक यांचे छायाचित्र पहिल्याच दिवशी काढून बापाच्या मोबाइलमध्ये ठेवावे. त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून वॉरंटी केव्हापासून धरली आहे, ते तपासावे. कधीकधी ती माल कंपनीतून निघाला त्या दिवसापासून मोजलेली आढळते. बिल दाखवून ती दुरुस्त करून घ्यावी.

राहिली आतली माहिती. यंत्र बदलून मिळेल, पण त्यातले टिपण आणि अर्धा लिहिलेला प्रबंध यांची भरपाई कोणी करीत नाही. दुरुस्तीच्या केंद्रात यंत्र देताना ते पुसून कोरे करण्यास मान्यता असल्याची सहीही घेतात. त्यासाठी मुलांनी दर शनिवारी आपले काम दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावे; दोन-तीनशे रुपयांच्या पेनड्राइव्हवरही ते मावते.