औंढा नागनाथ
महाराष्ट्र राज्याच्या हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व प्रसिद्ध शिवक्षेत्र. हे हिंगोलीच्या नैर्ऋत्येस सु. २५ किमी. वर असून १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. सभोवतालचा प्रदेश बेसाल्ट खडकाचा व डोंगराळ असून तो पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो. येथील तटबंदीयुक्त नागनाथ मंदिर यादवकालीन मानतात. गर्भगृह तळघरात असून त्यात अरुंद पायऱ्यांनी उतरावे लागते. मंदिराचा खालचा भाग कोरीव पाषाणाचा, तर वरचा विटा-चुन्याचा आहे. मूळ वास्तूचा विध्वंस व नंतरचा जीर्णोद्धार यांची साक्ष या जोडकामातच मिळते. जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. हे स्थान बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक समजले जाते. तथापि हाच मान द्वारकेजवळील नागेश्वर व उत्तराखंडातील जागेश्वर यांसही दिला जातो. विसोबा खेचरांनी संत नामदेवांना येथेच उपदेश केला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. नामदेवांचे कीर्तन समोर होऊ न दिल्याने देऊळच फिरले, अशी आख्यायिका असून नंदी मंदिरामागे असण्याचे कारण तीच सांगितली जाते. ईश्वर जातीपेक्षा भक्ती मानतो, हा संतविचार तीतून लोकमानसात रुजला. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.