घरचा गेमिंग संगणक (लेखांक ७) : एसएमपीएसची चौकशी

ग्राफिक्स कार्डाचे विवेचन या आठवड्यात पुरे करण्याचे मी गेल्या लेखांकाच्या अखेरीस कबूल केले होते. परंतु मधल्या दिवसांत आमच्या विचुंब्यातल्याच एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यासोबत त्यांनी पाठविलेल्या दोन कागदांनी जो प्रश्न उभा केला आहे तो कार्डाच्या आधीच निकालात काढणे मला इतके अगत्याचे वाटले, की कार्डाचा विषय पुढच्या आठवड्यावर टाकल्यावाचून गत्यंतर नाही.

पत्रलेखकांचे चिरंजीव यंदा अकरावीत गेले आहेत, आणि त्यांच्यासाठी घ्यावयाच्या यंत्राचे दोन प्रस्ताव घरात आले आहेत. पहिला कागद एका नामांकित कंपनीच्या तयार गेमिंग डेस्कटॉपच्या जाहिरातीचा आहे. दुसरा लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने हाताने लिहून दिलेल्या कोटेशनचा. दोहोंत प्रोसेसर इंटेलचा आय५-१२४००एफ, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, रॅम सोळा जीबी आणि एसएसडी एक टीबी. तयार यंत्राची किंमत काही हजारांनी अधिक. ‘सामान तेच असेल तर हे वरचे पैसे कशाचे, आणि ते द्यावेत की मुलाच्या म्हणण्याप्रमाणे यंत्र जोडूनच घ्यावे?’ असा त्यांचा सरळ सवाल आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला प्रथम खटकले ते दोहोंतले साम्यच. जाहिरातीत पडद्यापासून माऊसवरच्या दिव्यांपर्यंत सर्व तपशील आहे, पण सगळ्या यंत्राला वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसचा एका अक्षराने उल्लेख नाही. आणि कोटेशनमध्ये तो आहे, पण शेवटच्या ओळीत, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस, ४५० वॅट’ असा, दोन वस्तूंची मिळून एकच किंमत लावून. ज्या वस्तूचे नाव गिऱ्हाईक विचारीत नाही तिच्यातच काटकसर करणे विक्रेत्याला सर्वांत सोपे जाते, मग तो विक्रेता मोठी कंपनी असो की गल्लीतला दुकानदार. भेद इतकाच, की दुकानदाराची ती ओळ आपल्याला खोडून दुसरी लिहावयास सांगता येते, आणि कंपनीच्या बंद खोक्यातली येत नाही. संगणक जोडून घेण्याचा मोठा लाभ म्हणून लोक पैशाची बचत सांगतात. माझ्या मते ती बचत गौण आहे आणि बाजारभावाप्रमाणे ती कधी असते, कधी नसते. न दिसणाऱ्या भागाची निवड आपल्या हाती राहते, हा खरा अधिकार होय, आणि जो तो बजावणार नाही त्याने जोडण्याच्या खटाटोपात न पडलेलेच बरे.

आता हा एसएमपीएस करतो काय, ते पाहू. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतरित करतो. कोणत्या तारेत कोणता दाब असावा, बोर्डाची खोबण कशी असावी, इतकेच नव्हे तर कॅबिनेटला भोके कोठे असावीत, हे इंटेलने १९९५ साली एटीएक्स या नावाने जे मानक ठरविले त्यात नमूद आहे, आणि त्या मानकामुळेच तैवानच्या एका कारखान्यातला बोर्ड दुसऱ्या कारखान्याच्या डब्यात आजही बिनतक्रार बसतो. त्या काळी यंत्राचा मोठा भार ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर असे. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही बकासुरी खाती जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या तारेतून उचलतात. म्हणून लेबलावर ठळक छापलेल्या एकूण वॅटांकडे न पाहता, त्याच लेबलावरील लहान कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, आणि त्या आकड्याला बाराने गुणावे. समजा तेथे १६ अँपिअर लिहिले असेल, तर गुणाकार १९२ वॅट येतो. डब्यावर ४५० छापलेले असो की ५००, कामाची वीज एवढीच.

पत्रलेखकांच्या यंत्राचा हिशेब याच रीतीने मांडता येतो. त्यांच्या प्रोसेसरची ऐन भारातली कमाल मागणी इंटेलच्या तपशिलाप्रमाणे ११७ वॅट, आणि ग्राफिक्स कार्डाची ११५ वॅट, बेरीज २३२. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे पन्नास-साठ वॅट धरले, तर सगळे मिळून २९० च्या आसपास जाते. वरच्या उदाहरणातला १९२ वॅटांचा पुरवठा या मागणीपुढे उभा राहू शकत नाही, आणि उलट प्रामाणिक ५५० वॅटांचा पुरवठा, जो एनव्हिडिया या कार्डासाठी सुचविते, तो निवांतपणे चालतो. मोठ्या कार्डांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: त्यांची मागणी क्षणार्धात, मिलिसेकंदाच्याही अंशात, सरासरीच्या दुपटीपर्यंत उसळते. २०२२ च्या एटीएक्स ३.० या सुधारित मानकाने म्हणूनच असे बंधन घातले, की पुरवठ्याने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसला पाहिजे.

येथे ‘८० प्लस’ या चिन्हाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला भाग आहे, कारण ते पाहिले की गिऱ्हाईक निर्धास्त होते. २००४ पासून प्रचारात आलेल्या या प्रमाणपत्राच्या प्राथमिक श्रेणीचा अर्थ असा, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर पुरवठ्याची कार्यक्षमता निदान ८० टक्के भरते. ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे पायऱ्या त्याच्या वरच्या. आपल्या २९० वॅटांच्या यंत्राला ८५ टक्के कार्यक्षमतेचा पुरवठा जोडला, तर तो भिंतीतून सुमारे ३४१ वॅट घेतो आणि ५१ वॅट उष्णतेच्या रूपाने डब्यात सोडतो; तेच काम ७० टक्क्यांच्या पुरवठ्याने केले, तर भिंतीतून ४१४ वॅट जातात आणि उष्णता १२४ वॅट होते. विजेच्या बिलात यामुळे पडणारा फरक मी फारसा मोठा मानत नाही. उष्णतेचा मात्र मानतो. ‘८० प्लस’ची चाचणी २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत घेतात. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या घरात, दुपारच्या प्रहरी, भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये जी हवा कोंडते तिचा आणि त्या खोलीचा काही संबंध नाही. पुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारणतः निम्मे होते, असा या विद्येतला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून ज्याचे कॅपॅसिटर १०५ अंशांच्या प्रतीचे आहेत असा पुरवठा कोकणपट्टीत घ्यावा, आणि पंख्याच्या जाळीतली धूळ पावसाळ्याआधी एकदा व दिवाळीत एकदा काढावी.

प्रमाणपत्रानेच सर्व काही साधत नाही, याचा दाखला २०२१ सालचा आहे. ग्राफिक्स कार्डांच्या दुष्काळात अमेरिकेतील न्यूएग या विक्रेत्याने कार्डाबरोबर दुसरी वस्तू घेतलीच पाहिजे अशा जोड्या विकल्या, आणि त्या जोड्यांत गिगाबाइट कंपनीचे ७५० व ८५० वॅटांचे, गोल्ड श्रेणीचे पुरवठे होते. स्वतंत्र चाचण्यांत त्यांपैकी अनेक भाराखाली फुटले. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने जादा भाराची संरक्षक मर्यादा खाली आणली आणि विकलेला माल बदलून देण्याची तजवीज केली. कंपनी मोठी होती, श्रेणी उच्च होती, आणि तरीही भाराची चाचणी कोणीतरी स्वतंत्रपणे घ्यावीच लागली.

ओघात आले आहे म्हणून विचुंब्याच्या विजेविषयीही लिहितो, कारण त्याविषयी गावातले लोक मला वाटेतही विचारतात. नवीन पनवेलला खेटून असलेल्या आपल्या गावात जुनी गावठाणातली घरे आणि गेल्या काही वर्षांत उठलेल्या इमारती अशी दोन्ही प्रकारची वस्ती आहे, आणि दोन्हींत अर्थिंगची उपेक्षा मी सारखीच पाहिली आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि ‘यंत्रच सदोष आहे’ असा निष्कर्ष काढून लोक ते दुकानात परत नेतात. वस्तुतः प्रत्येक एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोहोंकडून पत्र्याकडे एकेक लहान कॅपॅसिटर विद्युत-गोंगाट गाळण्यासाठी जाणूनबुजून बसविलेला असतो. अर्थिंगची तार तुटलेली असली की पत्रा या दोहोंच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे माणूस दगावत नाही, परंतु पुरवठ्यात खरोखरीच बिघाड झाला तर संरक्षण कोणतेच उरत नाही. वायरमनला बोलावून मल्टिमीटरवर तीन मापे घ्यावयास सांगावे: फेज व न्यूट्रल, फेज व अर्थ, आणि न्यूट्रल व अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरे दोन-चार व्होल्टच्या आत असले पाहिजे. काही वायरमन सॉकेटमध्येच अर्थच्या खुंटीला न्यूट्रलची तार जोडून झिणझिण्या थांबवून देतात. न्यूट्रल कोठे तुटला तर त्या क्षणी संगणकाच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील, एवढे ध्यानात ठेवून तसे कोणालाही, कितीही ओळखीचा असला तरी, करू देऊ नये.

महावितरणचा पुरवठा पावसाळ्यात झबकन जाऊन येतो, त्यासाठी यूपीएस घ्यावा की नाही, हाही याच पत्रातला एक पोटप्रश्न आहे. एटीएक्स मानकाप्रमाणे चांगला पुरवठा वीज गेल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद यंत्र धरून ठेवतो; आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे हा अवधी एका आवर्तनाहूनही कमी. तेवढ्यात यूपीएसने भार उचलला पाहिजे. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटांचाच असतो, आणि बॅटरीवर तो पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. ‘८० प्लस’च्या पुरवठ्यात मात्र शक्तिगुणक सुधारणारे जे मंडल असते ते गुळगुळीत ज्यालहरीची (साइन वेव्हची) अपेक्षा करते. या दोहोंचे जमले नाही की ऐन खेळाच्या रंगात वीज जाते आणि यूपीएस असूनही यंत्र बंद पडते. तेव्हा भार ३०० वॅटांच्या घरात असेल तर १००० व्हीएच्या खाली जाऊ नये, आणि ऐपत असेल तर शुद्ध ज्यालहरीचाच घ्यावा. घरातला इन्व्हर्टर ज्यालहरीचा असल्यास त्याची कळ ‘यूपीएस’ या खुणेवर ठेवूनही हे काम पुष्कळ वेळा भागते.

तयार यंत्राची बाजू मी येथवर मांडली नाही, ती आता मांडतो, कारण ती दुर्बळ नाही. जोडलेल्या यंत्राच्या सात भागांच्या सात पावत्या आणि सात हम्या होतात; बिघाड कशात आहे हे शोधून त्या त्या कंपनीच्या सेवाकेंद्रात तो भाग पोचविण्याची जबाबदारी आपली. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तेथून दादर आणि मग पश्चिम रेल्वेने लॅमिंग्टन रोडजवळचे ग्रँट रोड स्थानक, असा प्रवास नोकरदार माणसाने एका बिघडलेल्या रॅमसाठी करणे म्हणजे रजा खर्ची घालणे. (१९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव लॅमिंग्टन रोडला होते, कागदोपत्री तो आता डॉ. भडकमकर मार्ग आहे. जेथे मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षे चालला त्याच या रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांतून पुढे संगणकाची पेठ फुलली, आणि तिचा इतिहास स्वतंत्र लेखांकाचा धनी आहे.) कंपनीचे यंत्र बिघडले तर तिचा माणूस विचुंब्यात येतो, हमी एकाच नावाची असते, आणि २०२०-२१ सारख्या टंचाईत सुटे कार्ड दामदुप्पट झाले असता तयार यंत्र स्वस्त पडल्याचेही आपण पाहिले आहे.

परंतु हमीची मुदत संपली की त्या खोक्यातला एसएमपीएस हाच पुन्हा कळीचा ठरतो. काही तयार यंत्रांत त्याचा आकार आणि जोडणी मानकाबाहेरची असते. नव्वदीच्या अखेरीस डेलच्या यंत्रांत तर खोबण एटीएक्ससारखीच, पण तारांचा क्रम निराळा असे, आणि बाहेरचा पुरवठा लावणाऱ्याचा बोर्ड जळून जाई. २०१९ मध्ये इंटेलने केवळ १२ व्होल्टच्या जोडणीचे जे नवे मानक काढले तेही मुख्यतः तयार यंत्रांतच वापरले जाते, आणि त्याचा बोर्ड बाजारातल्या सर्वसाधारण पुरवठ्यावर चालत नाही.

तेव्हा पत्रलेखकांनी असे करावे. कंपनीच्या विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: एसएमपीएस कोणत्या कारखान्याचा व किती वॅटांचा, त्याची जोडणी सर्वसाधारण एटीएक्सची आहे काय, आणि ग्राफिक्स कार्ड स्वतः बदलल्यास उरलेली हमी शाबूत राहते काय. तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर वरचे हजार घरपोच सेवेचे समजून ते खुशाल द्यावेत. उत्तरे टाळली गेली, तर लॅमिंग्टन रोडचे कोटेशन घ्यावे. मात्र त्याची शेवटची ओळ खोडून कॅबिनेट रिकामे व एसएमपीएस ५५० वॅट, ब्रॉन्झ किंवा वरचा, पाच वर्षांच्या हमीचा, अशा दोन ओळी करून घ्याव्यात, आणि पावतीवर त्याचा मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक दोन्ही उतरवून घ्यावेत, कारण सेवाकेंद्रात हम्या याच दोन आकड्यांवरून पडताळतात. खर्च दोन-तीन हजारांनी वाढेल. तो भागविण्यासाठी कॅबिनेटची दिव्यांची काच सोडावी, रॅम सोडू नये.

चिरंजीवांनी पत्राच्या तळटीपेत स्वतःच्या अक्षरात विचारले आहे, की ४०६० च्या आठ जीबीऐवजी जुन्या ३०६० चे बारा जीबी घ्यावे काय. त्याचे उत्तर पुढच्या लेखांकात, ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीपासूनच प्रारंभ करून देईन.